ओवीचे झटके

गुरुवार, सांगली

सहा महिन्यांची माझी ओवी झोपून उठली की एकदम पुढे वाकते, हात फाकतात, क्षणात सैल पडते. थोड्या वेळाने पुन्हा तेच, ओळीने आठ-दहा वेळा. सासूबाई म्हणाल्या, पोट दुखतंय. मी चार दिवस बेंबीला हिंग लावला. आज मी व्हिडिओ काढताना त्या ओरडल्या, "अगं, दृष्ट लागंल की लेकराला!" तरी काढलाच. दवाखान्यात डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला.

"ही पोटदुखी नाही, आकडी आहे. आजच दाखल करा. बरं झालं, लवकर आणलंत."

सासूबाई रडल्या. "माजंच चुकलं, पोरी."

पोटदुखीत असे मोजून मापून झटके येतात का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. तरी हिंग लावत राहिले. चूक एकट्या त्यांची नाही, एवढं मला अजून बोलता आलेलं नाही.