वरच्या मजल्यावरचे मंत्री

१२ सप्टें., शुक्र.
वरचे भाडेकरू अजून राहणार. योसेफ खाली येऊन सांगून गेले, बायकोला, मरियमला, डॉक्टर इतक्यात प्रवास करू देणार नाहीत. मी बरं म्हटलं. परवानगी मिळाली तरी जाणार कुठे, हे मनात.
त्यांच्या देशात लष्करानं सरकार उलथवलं तेव्हा हे दोघं इथे हॉस्पिटलात होते, तिच्या ऑपरेशनसाठी. म्हणून वाचले. बाकीचं मंत्रिमंडळ घराघरांतून उचललं. योसेफ पाणीपुरवठ्याचे मंत्री. उन्हाळ्यापर्यंत मागेपुढे गाड्या असायच्या, आता वेलचेरी स्टेशनावरून शेअर ऑटोत अंग चोरून येतात, हातात इडियाप्पमची, तांदळाच्या शेवयांची पिशवी. कधी तक्रार नाही. तक्रार न करणाऱ्या माणसांपुढे मला फार अवघडल्यासारखं होतं.

१५ सप्टें.
योसेफनी आम्हाला तिघांना बसवून नीट सांगितलं. नाव कुणाला सांगू नका, फोटो नको, कुठल्या भागात राहतो हेही नको. त्यांचा एक सहकारी मंत्री शेजारच्या देशात पळाला होता. पुतणीच्या लग्नात जेवायला बसलेला फोटो कुणीतरी टाकला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो सापडला. कालव्यात. बायकोला अंगठीवरून ओळखायला लावला.
आमच्या ह्यांचं लगेच सुरू. "आमचे खापरपणजे दिवाण होते, राज्य गेलं तेव्हा त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. घरी बसून पेन्शन खाल्लं." तंजावरची दिवाणगिरी या घरातून अजून गेलेली नाही, मी पुण्याहून सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते आहे. योसेफ ऐकून घेतात. म्हणाले, "तुमचे शत्रू सुसंस्कृत होते."
कावेरीनं, माझ्या नणंदेनं, देवाची शप्पथ घेतली कुणाला सांगणार नाही म्हणून. तिच्या शपथा मला माहीत आहेत.

२४ सप्टें.
नवरात्राचा कोलू. यंदा बाहुल्यांच्या पायऱ्या कमीच मांडल्या, माझे गुडघे. बायका आल्या-गेल्या, प्रसादाची उसळ, सुंडल, पुरलं. सगळ्या गेल्यावर मीच मरियमला खाली बोलावलं, वर एकटी भिंतीकडे बघत बसते. योसेफ हात धरून घेऊन आले.
या घरी कोलूला आलेल्यानं देवीपुढं गायल्याशिवाय सुंडल मिळत नाही. गळा असो नसो. कावेरी हटून बसली. "देवीला काय, कुठली भाषा बी कळते. दोन ओळी म्हणा, सार." योसेफ नको नको म्हणत होते. मरियमनंच त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.
गायले. त्यांच्या गावच्या विहिरीवरचं गाणं, आई म्हणायची ते. धाकट्या भावानं आणि त्यांनी तिच्याकडूनच उचललेलं. आवाज जाडाभरडा, पण बरा वाटला. दुसऱ्या कडव्यात अडकले. मरियम कितीतरी दिवसांनी हसली. आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो.

२६ सप्टें.
कावेरी मेलीनं गाण्याचा व्हिडिओ घेतला होता.
घराण्याच्या ग्रुपवर टाकला. खाली इंग्रजीत, आज माननीय मंत्रिमहोदय आमच्या वेलचेरीच्या घरी देवीसमोर गायले. त्या ग्रुपवर तंजावरपासून अमेरिकेपर्यंतचे झाडून सगळे राव. कुणा चुलतभावाच्या मुलानं अभिमानानं बाहेर, सगळ्या जगाला दिसेल असा लावला. आज दुपारी त्याच्याखाली त्या देशातली माणसं लिहीत होती. लिपी आम्हाला वाचता येईना. योसेफना दाखवावं लागलं. त्यांनी वाचलं आणि फोन माझ्या हातात देताना थँक्यू म्हणाले.
पुसायला लावला. पुसून काय उपयोग, तोवर कुठे कुठे गेला.
कावेरी म्हणते, "मंत्री घरी आलं म्हणट्लं की घराण्याला मान नव्हे का, वैनी? मी वाईट काय लिवलं?" वाईट काहीच नाही लिहिलं. मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

२ ऑक्टो.
दसरा. तिकडे योसेफच्या धाकट्या भावाला लष्करानं नेलं. तो शाळेत शिकवतो, वर्गातून ओढून नेला. त्याला पूर्वी एकदा नेऊन विचारलं होतं, तेव्हा त्यानं सांगितलं होतं, योसेफ युरोपात गेला, आमचा संबंध नाही. त्यांनी मानलं होतं. आता व्हिडिओनं तो खोटा पडला.
मरियमला सांगायचं नाही असं ठरलं. तिच्या टाक्यांतून अजून पाणी येतं.
सोनं द्यायला शेजारचे आले. मीही हसून दिलं-घेतलं.

५ ऑक्टो.
तिकडून व्हिडिओ आला.
भावाला खुर्चीवर बसवून तेच गाणं म्हणायला लावलं आहे. पुढचे दात नाहीत, शब्द तोंडातून वाहून जातात. थांबला की कुणीतरी पाठीमागून मारतो आणि तो पहिल्यापासून सुरू करतो. दुसऱ्या कडव्याशी मुद्दाम मारतात. आमच्याकडे योसेफ तिथेच अडकले होते. शेवटी कॅमेऱ्यामागचा माणूस स्वच्छ इंग्रजीत म्हणतो, "छान. पुढचं मोठ्या भावानं इथे येऊन म्हणावं. देवी वाट बघते आहे."
योसेफनी आमच्या हॉलमध्ये बसून पाहिला, वर पाहता येत नाही म्हणून. मग आमच्या ह्यांना विचारलं, पाणी मिळेल का.
कावेरी म्हणाली, मला बघवणार नाही. मी बघायला लावला. तिची हनुवटी धरून, शेवटपर्यंत. ती मोरीत जाऊन ओकली. मला बरं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ ऑक्टो.
योसेफना त्यांच्या वकिलातीतून बाईचा फोन. आवाज काय गोड. पासपोर्ट रद्द झाला आहे, पण सर, घरी जाण्यापुरता कागद आम्ही देऊ. विमानतळावर आमचा माणूस असेल. तुम्ही उतरलात की भाऊ त्याच संध्याकाळी आपल्या घरी जेवेल. बहिणींची तब्येत कशी आहे, हेही विचारलं. मरियमला बहीण म्हणाली.
हे योसेफना घेऊन एग्मोरच्या वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, आश्रयाचा अर्ज करा, तो चालू असेतो बहुधा कुणी जबरदस्तीनं पाठवणार नाही. योसेफनी विचारलं, "आणि भावासाठी कुठला अर्ज?" वकिलानं चहा मागवला.

११ ऑक्टो.
कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी असते. आत दोघे. मी दूध आणायला गेले तेव्हा एकानं काच खाली करून तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, वरचा मजला भाड्यानं द्यायचाय का?" नाही म्हटलं. तो म्हणाला, "लवकरच रिकामा होईल असं ऐकलं." तमिळ इथलंच, चांगलं, घरच्यासारखं.
हे पोलिसांत सांगून आले. एक शिपाई येऊन गेला, तेवढा वेळ गाडी नव्हती.
मला ते जायला हवे आहेत. दोघंही. कुठेही. बोलता येत नाही म्हणून लिहिते. ह्यांना वाटतं दिवाणाच्या घरानं आसरा दिला. आसरा कसला, आम्ही त्यांना गाऊन दाखवायला लावून त्यांचा पत्ता तिकडे दिला, वर सुंडल दिलं.

१४ ऑक्टो.
योसेफ आज कावेरीशी बोलले. व्हिडिओनंतर पहिल्यांदा. ती देवघरातून उठून उभी राहिली, पाया पडायला वाकली. त्यांनी तिला उठवलं नाही. इंग्रजीत म्हणाले, "माझा भाऊ तुमच्यापेक्षा चांगलं खोटं बोलायचा." आणि जिना चढून गेले. तिला नीट कळलं नाही, मला विचारलं. मी मराठीत सांगितलं. "पावम," म्हणाली. बिचारं कुणाला म्हणाली देव जाणे.
संध्याकाळी मला विचारत होते, मरियमची औषधं तुम्हाला ठाऊक आहेत ना, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर. मी म्हटलं, तुम्ही आहात की. त्यांनी गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे मांडली. मग मी सगळी औषधं क्रमानं म्हणून दाखवली, शाळेतल्यासारखी. एक चुकले. त्यांनी दुरुस्त केली.
आमच्या ह्यांनी जाऊ नका म्हणून हात धरला. योसेफ म्हणाले, "राव सर, मी गेलो तरी ते त्याला सोडतीलच असं नाही. पण नाही गेलो तर ते व्हिडिओ पाठवत राहतील." हे खाली येऊन नुसते बसून राहिले.

१६ ऑक्टो.
सकाळी योसेफ बाहेर पडले. मरियमला सांगून, समुद्रावर कोवलमला जातो, होड्या लागतात तिथून ताजा मासा आणतो. डॉक्टरांनी तिला आता खायला हरकत नाही म्हटलं आहे. या घरात मासा शिजत नाही, भाडेकरूंनाही मुभा नाही. मला जिन्यात विचारलं, आजच्या दिवस चालेल का. मी हो म्हटलं. कापडी पिशवी घेतली, दुसरं काही नाही. कोवलमच्या बसचा स्टॉप उजवीकडे. मी दारातून पाहिलं, ते रस्त्यापर्यंत गेले, मग समोर पाण्याची लॉरी आली आणि कुठे वळले ते दिसलं नाही. पांढरी गाडीही आज नाही.
आता पाच वाजून गेले. फोन बंद. हे विमानतळावर जाऊन आले, आत कोण सोडतंय. वकिलातीची बाई उचलत नाही. वकील म्हणतो, उद्यापर्यंत थांबू.
कावेरी वर जायला तयार नाही. मी गेले. मरियमनं हळद-मिरची वाटून ठेवली आहे, कढई शेगडीवर. कोवलमच्या बसला उशीर होतो का, विचारलं. म्हटलं, होतो, फार गर्दी असते. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मग तेल तापत ठेवू का?"
ठेव म्हटलं.