तीन तास बारा मिनिटांचा राजा

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. निदान मी जिवंत असेपर्यंत तरी.

शूटिंग संपलं. आता एडिटिंग. एडिटर नेहमीप्रमाणे बायकोच. माझे आधीचे पाचही छोटे सिनेमे तिनेच कापले आणि प्रत्येक वेळी आमची कडाक्याची भांडणं झाली. यावेळी होणार नाहीत. एवढ्या मोठ्या कामापुढे माणूस आपोआप नम्र होतो.

९ फेब्रुवारी
भांडण झालं. तिचं म्हणणं, पहिली चाळीस मिनिटं राजा नुसता चालतोय, तेही स्लो मोशनमध्ये. मी म्हटलं, राजे असेच चालतात. ती म्हणाली, मग त्याला जरा साध्या वेगाने चालव, लोकांनाही घरी जायचं असतं.

तिची नजर अजून छोट्या सिनेमाची आहे. वाईट वाटतं.

१७ फेब्रुवारी
तो सीन काढून टाकायचं ठरवलं. लढाईच्या आदल्या संध्याकाळचा. राजाला चिलखताची गाठ मारता येत नाही, कारण बोटं थरथरतायत. म्हातारा नोकर काही न बोलता गाठ मारून देतो. बस, एवढंच. दीड मिनिट.

हिरोचा फोन आला होता. त्याचा राजा थरथरत नाही म्हणे, फॅन्स खपवून घेणार नाहीत. मला पटलं. लिहिला मीच होता, अकरा वर्षांपूर्वी. सिनेमा सुचला तोच मुळी तिथून. पण माणूस वाढतो.

त्या जागी चाळीस हत्ती घालतोय. कॉम्प्युटरचे.

२२ फेब्रुवारी
बायकोने सिनेमा सोडला. ओरडली नाही. म्हणाली, तो सीन गेला तर सिनेमात बघायचं कुणाकडे ते मला कळत नाही, आणि न कळणारी गोष्ट मला कापता येत नाही. श्रेयनामावलीत नावही नको म्हणाली. रिलीजनंतर तिकीट काढून बघेन, तेव्हा काय ते सांगेन.

उत्तम. एक तटस्थ प्रेक्षक मिळाला. बघून झाल्यावर ती माझी माफी मागेल, याबद्दल शंकाच नाही. मी मोठ्या मनाने माफ करायचं ठरवलंय.

नवा एडिटर म्हणजे निर्मात्याचा मेहुणा. प्रत्येक गोष्टीला ‘येस सर’ म्हणतो. इंडस्ट्रीला अशाच माणसांची गरज आहे.

११ मार्च
संवादांचं डबिंग. एकही वाक्य साधं नाही, प्रत्येकावर टाळी. राजा पाणी मागतो तेसुद्धा चार ओळींत. संगीतकाराने खाली बारा ढोल टाकलेत. साउंडवाला म्हणाला, ढोलांमुळे शब्द कळत नाहीत. त्याला सांगितलं, शब्द कळायचे नसतात, अंगावर यायचे असतात. तो कान चोळत बसला.

घरी शांतता. बायको गॅस, इस्त्री, नळदुरुस्ती या विषयांवर व्यवस्थित बोलते. सिनेमावर चकार शब्द नाही. धास्तावली असावी.

२ एप्रिल
युनिटच्या घरच्यांसाठी खास शो. मध्यंतरात चौदा जण बाहेर गेले, नऊ परत आले. बाकीचे भारावले असणार.

निर्मात्याच्या बायकोने विचारलं, नऊ सरदारांपैकी मेले किती. मी म्हटलं, तीन. कोणते, विचारलं. मी तिला पडद्यावरच्या नावांच्या पट्ट्यांची आठवण करून दिली. ती म्हणाली, पट्ट्या वाचल्या हो, पण माणसं एकासारखी एक दिसतात. आता सगळ्यांच्या दाढ्या एकाच मेकअपमनने लावल्या, त्याला मी काय करू?

२० एप्रिल
रिलीज. टोपी आणि काळा चष्मा घालून पहिल्या शोला गेलो.

किळस आली. सिनेमाची नाही, प्रेक्षकांची. समोरच्या खुर्चीवर पाय. मोबाइलचे उजेड. शेजारचा गृहस्थ पॉपकॉर्न असा चघळत होता की हत्ती बाजूला बसल्यासारखं वाटावं. आणि राजा पाणी मागत होता तेव्हा, तिसऱ्या ओळीवर, मागून एकजण ओरडला, अरे द्या की त्याला पाणी!

अख्खं थिएटर हसलं. तीन तास बारा मिनिटांत तेवढंच एकदा सगळ्यांनी मिळून काही केलं. शिसारी आली मला. गाढवाला गुळाची चव काय?

२१ एप्रिल, सकाळी ८
ठराव: परीक्षणं वाचायची नाहीत.

सकाळी ११
सतरा वाचली. सगळे उंटावरचे शहाणे. एक लिहितो, राजाला कशाचीच भीती वाटत नाही, मग आम्ही त्याची काळजी का करायची? अशा माणसाच्या हातात पेन देतं कोण?

निर्माता म्हणाला, चाळीस मिनिटं कापा. मी भडकलो. कुठली चाळीस, विचारलं. तो म्हणाला, कुठलीही.

२५ एप्रिल
सगळीकडून उतरला. एकाच थिएटरात एकच शो, सकाळी साडेनऊचा. दोष: ऊन, परीक्षा, पोस्टरचा रंग. हिरोने फोन उचलला नाही. कृतघ्न. त्याचा साधा घामसुद्धा मी कॉम्प्युटरने पुसून घेतला होता.

काही बिघडलेलं नाही. बायकोने उद्याचं तिकीट काढलंय. खरा निकाल उद्या.

२६ एप्रिल
तिची अट होती, शेजारी बसायचं नाही. मी चार रांगा मागे बसलो. थिएटरात आम्ही सहाजण. सिनेमा बघितलाच नाही मी, तीन तास बारा मिनिटं तिच्या डोक्याची मागची बाजू बघत होतो. ती हलली नाही. मोबाइल काढला नाही. माझ्या खिशात कागद होता. ती काय काय आक्षेप घेईल याचे तेवीस मुद्दे आणि प्रत्येकाचं खणखणीत उत्तर. रात्रभर जागून काढलेले.

बाहेर आल्यावर म्हणाली, छान आहे.

मी थांबलो. ती पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत होती.

मी म्हटलं, पहिली चाळीस मिनिटं? म्हणाली, ठीक आहेत. सरदार? ठीक आहेत रे. मीच मग त्या काढलेल्या सीनचा विषय काढला. म्हणाली, राहू दे आता.

बावीस वर्षं आम्ही एकत्र काम करतोय. एका पॉजवरून ती माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. एकदा स्टेपलर फेकून मारला होता. माझ्या सिनेमाला ‘छान’ ती कधीही म्हणाली नाही. छान ती शेजाऱ्यांच्या पडद्यांना म्हणते.

घरी येऊन तिने भाजी चिरायला घेतली. मी कागद हातात धरून ओट्यापाशी उभा राहिलो आणि म्हटलं, अगं, भांड ना.

तिने सुरी थांबवली. खरंच आठवून बघितलं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, नाही रे. भांडावं असं काही सापडलंच नाही त्यात.