बिनविजारीचं राजघराणं

ती. काकूस,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (नव्याला आदराने, जुन्याला सवयीने) साष्टांग नमस्कार, वि. वि. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत असशील आणि डॉक्टरांनाही तू दोन-चार सांगितले असशील, असं धरून चालते. इकडे सगळं क्षेम. शिंपीकाका कुरकुरत का होईना शिवताहेत, आणि तू येईपर्यंत मी दुकान धड सांभाळलं नाही तर ते शेजारच्या पडदेवाल्याला विकायचं, हे तुझं बोलणं मी विसरलेली नाही. तोही विसरलेला नाही. रोज काहीतरी निमित्त काढून डोकावतो आणि आपल्या भिंतींकडे मायेने बघतो.

तर, नाटकाच्या कपड्यांचं एवढं मोठं दुकान नुसतं तुझ्या डोक्यात साठवलेलं, हे मला बघवेना. म्हणून मी सगळं डेटाबेसमध्ये घालून एक ॲप्लिकेशन केलं. (इतक्यात रागावू नकोस, पुढे याहून चांगलं कारण आहे.) मधे एक गाभा, आणि त्याला हवे तेव्हा जोडायचे, हवे तेव्हा काढायचे भाग, त्यांना आम्ही प्लगइन म्हणतो. गाभ्याला फक्त गिऱ्हाईक, नाटक आणि तारीख कळते. मुकुटांचा प्लगइन वेगळा, दाढ्यांचा वेगळा, झग्यांचा वेगळा, विजारींचा वेगळा. कुणी कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. एखादा भाग काढला तरी बाकीचे खुशाल चालू राहतात, हीच त्यातली खुबी, असं मी शिंपीकाकांना उत्साहाने समजावलं. ते म्हणाले, "आमच्या घरीही असंच आहे."

गेल्या आठवड्यात विजारींच्या मापांत घोळ दिसला (म्हातारा राजा आणि त्याचा घोडा, दोघांची कंबर एकच येत होती), म्हणून मी तो प्लगइन दुरुस्तीला काढला. नेमकी त्याच दुपारी गंभीररावांची मागणी आली. तुझे तेच दिग्दर्शक, जे स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही कुणीतरी गेल्यासारखे उभे आहेत. नाटक शोकांतिका, अख्खं राजघराणं मरतं. ॲप्लिकेशनने मुकुट, दाढ्या, झगे सगळं मोजलं आणि हिरव्या अक्षरांत लिहिलं: मागणी पूर्ण. विजार नावाची वस्तू जगात असते, हेच गाभ्याला ठाऊक नव्हतं. आणि मी, काकू, त्या हिरव्या अक्षरांवर खूश होऊन बसले, गाठोडी उघडून बघितलीच नाहीत.

ती नाट्यगृहात उघडली, तेव्हा पडदा वर जायच्या बेतात होता. मग काय, राजा स्वतःच्या ऑफिसच्या पँटमध्ये आणि सेनापती फुलाफुलांच्या बर्म्युड्यात. तरी पहिला अंक कसाबसा निभावला. पण शेवटी राजा मरून पडला, राणीने हंबरडा फोडला, आणि राजाच्या खिशातला मोबाईल वाजायला लागला. लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. गंभीरराव विंगेत भिंतीला डोकं टेकून उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता गाभा शिकला आहे: कुठलाही भाग जागेवर नसेल, तर 'पूर्ण' म्हणायचं नाही.

तुझी (अजून तरी दुकानात असलेली) पुतणी

ता. क. गंभीरराव तुला फोन करून माझी तक्रार करतील. ती संपली की हळूच पुढच्या प्रयोगासाठी हेच कपडे मागतील, कारण तिकिटं संपली आहेत. विजारी नकोत म्हणून भाडं कमी करायला सांगतील. करू नकोस.

आणखी एक ता. क. गाभ्यात एक नवी गोष्ट घातली आहे. माल दाराबाहेर जाण्याआधी पडद्यावर तुझा फोटो येतो (भुवई चढवलेला) आणि तू दारात उभी राहून विचारतेस तेच विचारतो: हे घालून तू स्वतः चारचौघांत जाशील का? त्याला 'हो' फक्त तुझ्या बोटाच्या ठशाने म्हणता येतं, आणि तो ठसा अजून घ्यायचाच आहे. त्यामुळे कालपासून दुकानातून एक टोपीसुद्धा बाहेर पडलेली नाही. हा भाग काढता येत नाही का, असं शिंपीकाकांनी विचारलं. येतो, मला पाच मिनिटं पुरतील. पण मी काढणार नाही. तुझ्याशिवाय हे दुकान मला चालवताच येऊ नये, अशीच बांधणी केली आहे मी. विकू नकोस, काकू. काठी टेकत ये, पण ये.