फळीवरचा पत्ता

रोसारियो, मार्च १९८४

प्रिय नेलिदा,

परवा बाजारात तू एवारिस्तोच्या विधवेच्या अंगावर थुंकलीस आणि ओरडलीस, "तुझ्या म्हाताऱ्याच्या जिभेपायी माझा नवरा मेला!" मी भोपळ्यांच्या ढिगाआड उभी होते. मला पुढे व्हायची हिंमत झाली नाही. लष्करानं नेलेल्या माणसांचा तपास करणाऱ्या चौकशी समितीपुढेही गुरुवारी तू हेच सांगणार आहेस. त्याआधी हे वाच.

आठ वर्षांपूर्वी, लष्करानं सत्ता बळकावली तेव्हा, त्या दुपारी सैनिकांनी शंभर वर्षांच्या आपल्या वाचनालयाची कपाटं आडवी केली, अंगणात पुस्तकांवर रॉकेल ओतून आग लावली. वाचकांची वही मी सकाळीच चुलीत घातली होती, आणि स्वतःवर भलतीच खूश होते. "कोण काय वाचतं? नावं सांग, म्हाताऱ्या," म्हणत त्यांनी वाचनालयाच्या म्हाताऱ्या शिपायाला, एवारिस्तोला, बंदुकीच्या दस्त्यानं हाणलं. पहिल्याच फटक्यात जबडा मोडला. रक्ताबरोबर दात पडले, तरी मेला म्हणतो कसा, "साहेब, मला कुठलं वाचता येतंय, मी नुसती धूळ झटकतो." सगळी कपाटं वाचून काढलेला माणूस! मग त्यांनी त्याची बोटं दाराच्या फटीत धरून दार आपटलं. दोनदा. मला खुर्चीला बांधलं होतं. मी किंचाळत राहिले, पण नाव घेतलं नाही. त्यानंही नाही.

तुझा नवरा आन्सेल्मो तेव्हा पाय मोडून घरी होता. अंथरुणावरच्या वाचकांना घरपोच पुस्तक द्यायची आपली जुनी रीत, म्हणून दर मंगळवारी मी यायचे. तू येर्बाचा कडू चहा द्यायचीस आणि तो चिडवायचा, "देल्फिनाबाई, पुढचं जरा जाड आणा, पायाखाली उशी होईल." त्या घराइतकी मी कुठेच हसले नाही.

नेलिदा, पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी आम्ही लाकडी फळी उभी करतो. तिच्यावर चिठ्ठी असते: पुस्तक कुणाकडे, कुठल्या पत्त्यावर. वही जाळताना फळ्या काढायचं माझ्या मनात आलं होतं. पण काढल्या तर परत आलेलं पुस्तक कुठे ठेवायचं ते कळणार नाही, म्हणून राहू दिल्या. अधिकाऱ्यानं आडव्या पडलेल्या कपाटातून आन्सेल्मोच्या पुस्तकाची फळी उपसली आणि तुमचा पत्ता मोठ्यानं वाचला. वर मला म्हणाला, "अक्षर छान आहे हो बाई." त्याच रात्री ते आन्सेल्मोला उचलून घेऊन गेले. एवारिस्तो दोन दिवसांनी मेला. त्याच्या मयताला "यानंच तोंड उघडलं" असं तू म्हणालीस, आणि मी आठ वर्षं गप्प बसले, कारण मला तुझं घर गमवायचं नव्हतं. गुरुवारी त्याचं नाव घेऊ नकोस. माझं घे. मी तिथे दाराशीच बसलेली असेन.

तुझीच म्हणायचा हक्क उरला नसलेली,
देल्फिना