तीन ठोके

१२ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. तू आणि वहिनी बरे असाल. अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याचं अक्षर असं झालंय म्हणजे बघ. पण शिडीवरून डोक्यावर पडल्यानंतर दोन वर्षांनी एवढं तरी लिहितोय.

आठवड्यातून दोनदा मेंदूच्या उपचाराला जातो. तिथल्या बाई डोक्याला लेप लावून तारा चिकटवतात. समोर पडद्यावर होडी असते. मन ठिकाणावर असलं की चालते, भरकटलं की थांबते. पहिले तीन महिने जागची हलली नाही. बाईंना म्हटलं, "वल्ही द्या, मीच मारतो." आता दहा-दहा मिनिटं चालते. परवा 'किल्ली' हा शब्द न अडखळता सापडला, तर आई रडायलाच लागली.

जूनमध्ये एकदा होडी छान चालली होती. बाईंनी सहज पेनाने टेबलावर तीन ठोके दिले आणि ती थांबली. त्या दिवशी पुन्हा हललीच नाही.

दादा, आपली पद्धत. वरच्याने ब्रशच्या दांड्याने शिडीवर तीन ठोके दिल्याशिवाय खालच्याने शिडी सोडायची नाही. तू बाबांना सांगत होतास, "त्याने ठोके दिले, म्हणून मी लाल रंग आणायला गेलो." बाबांनी इस्पितळात मला विचारलं. मला काहीच आठवत नव्हतं, तरी मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ते तुला म्हणाले, "माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस."

ठोके मी दिले होते. तू येईपर्यंत हलायचं नाही, हेही ठरलेलं. तरी ब्रशला उरलेल्या रंगात शेवटचा काना ओढायला मी वाकलो.

हे जूनमध्ये आठवलं. बाबा सप्टेंबरात गेले. मधले तीन महिने रोज त्यांच्या शेजारी जेवलो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. एकदा त्यांनी विचारलं, "थोरला कुठे असतो रे हल्ली?" मी म्हटलं, "माहीत नाही." तुमचा पत्ता लिहिलेलं वहिनीचं पत्र माझ्या कपाटात होतं.

ते गेल्यावर निरोप मीच पाठवला. तू आलास आणि फाटकाबाहेरच उभा राहिलास. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर यायची लाज वाटली.

काल आईला सगळं सांगितलं. ती उठून तुझी खोली झाडायला गेली.

मला आता शिडीवर चढता येत नाही, खाली उभं राहून धरता येते. तू आलास तर धरीन. तू ठोके दिलेस तरी सोडणार नाही.

ज्याने ठोके दिले तो,
तुझा धाकटा