चांदीचं धुकं

३ ऑगस्ट
नोकरी लागली! पाय जमिनीवर ठरत नाहीत. प्रयोगशाळा लहान, पण लख्ख. इथे चांदीचे नॅनोकण बनतात, केसाहून हजारोपट बारीक. बंद खोलीत त्यांचं धुकं सोडलं की जिवाणू-विषाणूंची दाणादाण. सरांनी स्वतः जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बश्या दाखवल्या, वीस मिनिटांत सगळे खलास. मी सासरचं आडनाव लावलंय, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

६ ऑगस्ट
आधी हे काम ताई करायची. माझी सख्खी ताई. धुकं निर्धोक आहे हे पाहुण्यांना पटावं, म्हणून सर तिला मास्कशिवाय आत उभं करायचे. काचसामान धुणाऱ्या मावशी सांगत होत्या, नोकरी जाईल या धास्तीनं ती बिचारी हसत उभी राहायची. वर्षभरात खोकून खोकून गेली. सरांनी प्रयोगशाळेच्या कागदांत कारण लिहिलं, जुना दमा. ताईला दमा कधीच नव्हता.
मी मान खाली घालून नळ्या पुसत राहिले.

११ ऑगस्ट
धुक्याच्या खोलीत आता सर आणि मी रोज मास्क लावून जातो. आज सरांच्या मास्कमधला फिल्टर काढून घेतला. झाकण होतं तसं बसवलं. मास्क परत खुंटीवर, माझ्या मास्कशेजारी टांगला.

२९ ऑगस्ट
सर खोकतात. नखं निळसर झालीत. मी कोमट पाणी नेऊन दिलं. म्हणाले, पोरी, तुझा फार आधार वाटतो. जिवाला गार वाटलं.

१४ सप्टेंबर
सर इस्पितळात. चेहरा राखेच्या रंगाचा. मनसोक्त बघून आले.
येताना जिन्यात दोनदा थांबावं लागलं. दगदग झाली असेल.

१८ सप्टेंबर
सरांनी एकटीला बोलावलं. म्हणाले, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, हसणं थेट बहिणीचं. वाटलं, ही बहिणीचे कागद उकरून काढणार, माझं सगळं धुळीला मिळवणार, म्हणून तुझ्या मास्कमधला फिल्टर मीच—
आणि हसले. खोकत खोकत हसले.

१९ सप्टेंबर
मास्क उघडला. रिकामा.
नखं उजेडात धरली. निळी—

२१ सप्टेंबर
सर गेले. आनंद होईल वाटलं होतं. छातीत नुसती घरघर—

२२ सप्टेंबर
मावशी, फोन लावला पण आवाजच फुटेना, म्हणून लिहितेय. माझ्या जागी उद्या नवी मुलगी येतेय. दोन्ही मास्क खुंटीवर आहेत. तिला सांगा, त्यातला एकही—