तुलूझच्या बेकरीत मी काय बोलले

बौशर, मस्कत, गुरुवार

प्रिय पप्पा,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर सगळे आपल्याकडे जेवायला येणार आहेत. आत्ताच शेजारच्या फिलोमिना आंटीचा फोन आला, "तुलूझच्या हॉर्नची गोष्ट उद्या तूच सांग हां. अगदी पप्पासारखी!" मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तेव्हापासून चिडून बसलेय. तुझ्यावरच. म्हणून लिहितेय.

तुझ्यासारखी कशी सांगू? तू ती अर्धीच सांगायचास!

तू सांगायचास ती अशी: बार्सिलोनाहून भाड्याच्या गाडीने आपण तिघं लूर्दच्या तीर्थयात्रेला निघालो. वाटेत तुलूझ लागलं. सगळ्या पाट्या फ्रेंच, ओळखीचं कोणी नाही. एका बेकरीपुढे तू गाडी लावलीस आणि दोनदा हॉर्न वाजवलास, इथे मस्कतमध्ये अल् खुवैरला चहावाल्यापुढे वाजवतो तसा. आता पोऱ्या धावत गाडीपाशी येणार! आला एक म्हातारा, हात उडवून तुला फ्रेंचमध्ये झापायला. तू काच खाली करून म्हणालास, "काका, तीन चहा. एक बिनसाखरेचा." इथे सगळे पोट धरून हसायचे. खलास.

आणि पुढचं कुठे गेलं, पप्पा?

तू उतरला नाहीस, कारण तुला उभं राहवत नव्हतं. सकाळी तू इन्सुलिन घेतलंस आणि नाश्ता राहिला, कारण मी दारात उभी राहून घड्याळ दाखवत होते. लूर्दची संध्याकाळची मिरवणूक चुकायला नको ना! तुझे हात थरथरायला लागले तेव्हा मम्मी म्हणाली, "शुगर उतरलीय याची. पळ, काहीतरी गोड आण."

मी पळाले. आणि आत जाऊन रांगेत उभी राहिले.

सहा महिने मोबाइलवर फ्रेंच शिकले होते मी. पण वाक्य मनात नीट जुळल्याशिवाय तोंड उघडेना. एका बाईला पुढे जाऊ दिलं. मग दुसरीला. तिसऱ्या माणसाला तर मीच हाताने खूण केली, जा म्हणून. काचेतून तू दिसत होतास, स्टिअरिंगवर डोकं टेकलेला. कसली वाट बघत होते मी?

यात तुझाही हात आहे, सांगून ठेवते. तुझी कामाची साइट ओमानच्या आतल्या भागात होती, जवळ आपली भारतीय शाळा नव्हती, म्हणून तिसरीपर्यंत तूच मला शिकवलंस. कामावरून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. "खात्री नसेल तर बोलू नये. विचारल्याशिवाय कशाला हात लावू नये." इतकं पक्कं कशाला शिकवायचं मुलीला?

मग तूच आत आलास, दाराला धरून. शर्ट घामाने चिंब. कोणाकडे न बघता टोपलीतला एक गोड पाव उचललास आणि तिथेच खायला लागलास. काउंटरवरची बाई ओरडली. रांगेतली सगळी डोकी वळली.

आणि मी काय बोलले? माझे वडील आजारी आहेत, असं? नाही. मी तुझं मनगट धरलं आणि म्हणाले, "पप्पा, न विचारता हात कसा लावलास? लाज नाही वाटत?"

तोंडात घास होता तुझ्या. तू उरलेला पाव खाली ठेवलास.

का ठेवलास, पप्पा? मला ढकलून द्यायचंस, एक थोबाडीत मारायचीस!

मम्मी धावत आली. तिने तो पाव परत तुझ्या हातात कोंबला आणि बाईला पोटावर सुई टोचल्याची खूण केली. ती बाई लगेच समजली. खुर्ची दिली, संत्र्याचा रस दिला. एक शब्द न बोलता मम्मीला जमलं ते!

गाडीत मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तू म्हणालास, "बाय, मॅपवर बघ, उजवीकडे वळायचं का?" मस्कतला आल्यावर तू हॉर्नवर संपणारी गोष्ट तयार केलीस आणि प्रत्येक जेवणाला सांगितलीस. मी बाजूला बसून हसायचे. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकीच.

तू मला माफ केलं होतंस, की नुसतं झाकलं होतंस? विचारीन, विचारीन म्हणत राहिले. मग एका दुपारी तुझ्या ऑफिसातून फोन आला, हार्ट अटॅक म्हणून. आता कोणाला विचारू?

म्हणून उद्याचं तुला आज सांगते. हॉर्नपाशी सगळे हसतील, पण मी तिथे थांबणार नाही. मम्मी डोळ्यांनी "नको" म्हणेल. तरी तू पाव खाली ठेवलास इथपर्यंत मी सगळं सांगेन. वाक्यं आधी जुळवून ठेवणार नाही. अडखळले तर अडखळले. कोणी मला वाईट म्हणालं, तर या वेळी मध्ये यायला तू नसशील. ते मी ऐकून घेईन.

तुझी,
बाय